थायरॉईड नेमका कोणाला होता?

या सदरात बहुतेक वेळा डॉक्टर मंडळी लिहितात. मी डॉक्टर नाही. चोपडा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे आणि दोन मुलांची आई आहे. मोठ्या मुलीच्या दुखण्याचे उत्तर शोधत आम्ही जवळजवळ दीड वर्ष फिरलो, आणि उत्तर मिळाले ते दुसऱ्याच्याच तपासणीला गेलो असताना. ही हकिगत लिहावी असे बरेच दिवस मनात होते. मुलीला विचारले, तर म्हणाली, "लिही, पण माझं नाव टाकू नकोस." म्हणून नाव देत नाही.

कोरोनानंतर शाळा पुन्हा भरू लागल्या तेव्हा ती सातवीत होती. शाळेतून आली की दप्तर टाकून झोपायची. संध्याकाळी उठवावे तर चेहरा सुजल्यासारखा, उत्तर एका शब्दात. मैत्रिणी खेळायला बोलवायला यायच्या, ही "नको" म्हणायची. हळूहळू त्या येईनाशा झाल्या. पोट साफ होत नाही म्हणून रोज रात्री इसबगोल चालू होता. केस इतके गळायचे की न्हाणीघराची मोरी तुंबायची. घरी सगळ्यांचे एकच मत, मोबाईल! दोन वर्षे मोबाईलवर शाळा झाली, त्याचा हा परिणाम. मलाही ते पटले होते. खोटे कशाला सांगू, मी तिला फार बोलले. कुंभकर्ण म्हणाले, आळशी म्हणाले. एकदा पाहुण्यांसमोर म्हणाले. ती रडली नाही, नुसती बघत राहिली.

दवाखाने केले नाहीत असे नाही. गावातल्या डॉक्टरांनी रक्त तपासले, हिमोग्लोबिन ९.४ निघाले. लोहाच्या गोळ्या दिल्या, जंताची गोळी दिली. तीन महिन्यांनी पाहिले तर ९.६. "गोळ्या घेत नसेल," असे म्हणून पुन्हा त्याच गोळ्या. मग कोणाच्या तरी लक्षात आले की तिचे तळहात पिवळे दिसतात. कावीळ असेल म्हणून तालुक्याला तपासणी केली. काही निघाले नाही. तरीही सासूबाई तिला कावीळ उतरवणाऱ्याकडे घेऊन गेल्याच. त्याने ती उतरवलीही! तळहात होते तसेच पिवळे राहिले. डोळे दुखतात म्हणून चष्म्याचा नंबर काढला. या सगळ्यांत एकानेही तिची उंची मोजली नाही. मी दरवर्षी वर्गातल्या चाळीस मुलांची उंची-वजने रजिस्टरला चढवते. मीसुद्धा मोजली नाही.

आमच्याकडचा मे महिना वाचकांना सांगायला नको. पारा ४४-४५ वर जातो, रात्री कूलरशिवाय डोळा लागत नाही. ही मात्र कूलर बंद करा म्हणायची आणि गोधडी ओढून झोपायची. शेजारी कौतुक करत, "पोरगी किती काटक आहे!" सासूबाई तिच्या गळ्याकडे बघून म्हणत, "आता जरा अंगात भरायला लागली." गळा खरोखरच थोडा भरलेला दिसत होता. त्यात कोणाला काही वावगे वाटले नाही. अभ्यासात वर्गात दुसरी. शिक्षक म्हणत, "तुमची मुलगी म्हणजे गरीब गाय, वर्गात आवाजही येत नाही." मला तर अभिमान वाटायचा.

थायरॉईड हा शब्द आमच्या घरात आला तो माझ्या भाच्यामुळे. माझा भाऊ जळगावला असतो. त्याचा मुलगा तेव्हा बारा वर्षांचा, चांगलाच लठ्ठ. वहिनीने एका तपासणी शिबिरात त्याचे रक्त दिले, तर टीएसएच ६.८ आला. कागदावर ठळक अक्षरात. शिबिरातल्या डॉक्टरांनी सांगितले, "बॉर्डरवर आहे, गोळी सुरू करा." दुसऱ्या एकाने सांगितले, "गोळी सुरू केली की जन्मभर सुटत नाही." वहिनी घाबरून गेली. कोबी बंद, फ्लॉवर बंद, रोज सकाळी धन्याचे पाणी सुरू. शेवटी २०२३ च्या मे महिन्यात त्याला नाशिकला हार्मोनच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडे न्यायचे ठरले. वहिनीला सोबत हवी होती, मला सुटी होती. मुलीला घरी एकटी कशी ठेवायची म्हणून बरोबर घेतले. तपासायला म्हणून नव्हे, हे पुन्हा सांगते.

डॉक्टरांनी भाच्याला नीट तपासले. उंची मोजली, वजन घेतले, एका छापील तक्त्यावर ठिपके काढले. मग विचारले, "पूर्वी कधी उंची मोजली होती का?" वहिनीकडे शाळेचे कार्ड होते. ठिपके जोडल्यावर रेषा वर-वर जात होती. डॉक्टर म्हणाले, "मूल लठ्ठ आहे आणि उंचीही जोरात वाढतेय, तेव्हा लठ्ठपणाचं कारण हार्मोनमध्ये सापडणं अवघड. हार्मोन कमी पडल्यानं मूल जाड होतं, तेव्हा त्याची उंची खुंटते." रिपोर्टच्या तळाशी इंग्रजीत एक बारीक ओळ होती, काइंडली कोरिलेट क्लिनिकली. तिच्यावर पेन टेकवून ते म्हणाले, "ही ओळ कोणी वाचत नाही. आकडा पेशंटशी ताडून पाहा, असा तिचा अर्थ आहे." भाच्याचे टी-४ व्यवस्थित होते. लठ्ठ मुलांमध्ये टीएसएच असा थोडा वर सरकलेला बऱ्याचदा सापडतो. तो लठ्ठपणाचे कारण नसतो, परिणाम असतो, आणि वजन उतरले की बहुधा खाली येतो. गोळी नको, तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासा, त्याच वेळी अँटीबॉडीही पाहून घेऊ, आणि आजपासून बिस्किटे व बाटलीतली थंड पेये बंद, असा निकाल झाला.

मग त्यांचे लक्ष कोपऱ्यात गेले. माझी मुलगी तिथे बसली होती. मे महिना, अंगात स्वेटर, कारण दवाखान्यात एसी चालू होता.

"ही कोण?"

"माझी मुलगी."

"वय?"

"चौदा."

डॉक्टरांनी तिला भाच्याशेजारी उभे केले. तो तिच्याहून दोन वर्षांनी लहान, आणि ती त्याच्या खांद्याला लागत होती. मी दोघांना शेकडो वेळा शेजारी-शेजारी पाहिले असेल. आमच्याकडची माणसे ठेंगणीच, असे म्हणून आम्ही विषय सोडून द्यायचो. मोजली तर १४१.५ सेंटिमीटर. मान वर करून घोटभर पाणी प्यायला लावले. पाणी गिळताना गळ्यातली गाठ वर-खाली होताना मलाही स्पष्ट दिसली. नाडी ५८. खुर्चीवर गुडघे टेकवून उभे केले आणि टाचेच्या वरच्या शिरेवर रबरी हातोडी मारली. पाऊल झटकन हलले, पण परत जागेवर येताना सावकाश, आळस दिल्यासारखे आले. डॉक्टरांनी तीनदा मारून पाहिली. "पाळी?" अजून आली नव्हती. तळहात पाहून म्हणाले, "गाजर-पपईतलं पिवळं द्रव्य शरीरात साचतंय. थायरॉईड मंद असला की ते नीट वापरलं जात नाही. कावीळ असती तर डोळेही पिवळे झाले असते."

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी आला. टीएसएच १०० च्या वर. फ्री टी-४ अगदी तळाला. अँटी-टीपीओ नावाची अँटीबॉडी भरपूर वाढलेली. ज्याच्यासाठी गेलो त्याला काही नव्हते. जिच्याबद्दल कोणी विचारले नव्हते तिला होते.

घरी आल्यावर मी पाचवीपासूनची प्रगतिपुस्तके काढली. त्यात उंची-वजनाचे रकाने असतात, आणि ते भरणाऱ्यांपैकी मी एक आहे. पाचवीच्या सुरुवातीला, जून २०१९ मध्ये १३३. सहावीचा रकाना कोरोनामुळे कोरा. सातवीच्या शेवटी १४१. आठवीच्या शेवटी १४१.५. ज्या वयात मुलींची उंची वाढत असते, त्या वयात वर्षभरात अर्धा सेंटिमीटर. कोणत्याही रक्ततपासणीपेक्षा आधी ही गोष्ट आमच्या कपाटात लिहिलेली होती. खाली वर्गशिक्षकांची सही होती आणि पालक म्हणून माझीही होती.

आता हा आजार काय, ते मला समजले तसे सांगते. गळ्याच्या पुढच्या भागात फुलपाखरासारखी अवटू ग्रंथी असते, तीच थायरॉईड. ती टी-४ आणि टी-३ ही द्रव्ये तयार करते. शरीराचे सगळे कारखाने किती वेगाने चालायचे ते या द्रव्यांवर ठरते. ग्रंथीवर देखरेख मेंदूच्या तळाशी असलेल्या पियूषिका ग्रंथीची. टीएसएच म्हणजे तिचा हुकूम. केळीच्या बागेत मजूर मंदावले की मुकादमाचा आवाज चढतो, तसे हे आहे. काम कमी झाले की टीएसएच वाढतो. म्हणून टीएसएच वाढलेला म्हणजे थायरॉईड "वाढलेला" नव्हे, काम कमी पडते आहे. निम्म्या लोकांचा गोंधळ इथेच होतो, माझाही झाला होता. मुकादमाने थोडा आवाज चढवला आणि काम मात्र पुरे होते आहे, अशी भाच्याची गत. माझ्या मुलीच्या बाबतीत मुकादम बोंबलून दमला होता आणि बागेत मजूरच उरले नव्हते.

सासूबाईंनी ऐकल्याबरोबर निदान केले, "मिठाचं आहे." त्यांच्या तरुणपणी सातपुड्यातल्या पाड्यांवर गळ्याला मोठाली गाठ असलेल्या बायका त्यांनी पाहिल्या होत्या. तो गलगंड. ते चुकीचे नव्हते. डोंगराळ भागातल्या पाण्यात आणि मातीत आयोडीन कमी असते आणि ते कमी पडले की ग्रंथी फुगते. आयोडीनयुक्त मिठाने गलगंड कमी होतो हे डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात दाखवून दिले. सरकारचा गलगंड नियंत्रण कार्यक्रम १९६२ चा. आयोडीन नसलेले मीठ खाण्यासाठी विकायला २००६ पासून देशभर बंदी आहे. आमच्या घरी पुडीचे आयोडीनयुक्त मीठच येते. तेव्हा मुलीच्या गाठीचे कारण निराळे होते. शरीराचे संरक्षक दल आपल्याच ग्रंथीला परके समजून तिच्यावर चालून जाते. हाकारू हाशिमोतो या जपानी डॉक्टरांनी १९१२ साली या विकाराचे वर्णन केले, म्हणून त्यांचे नाव पडले. जिथे आयोडीन पुरेसे मिळते तिथे या वयात ग्रंथी मंदावण्याचे हेच नेहमीचे कारण. मुलींमध्ये जास्त, मुलांमध्येही होतो, आणि घराण्यात वावरतो. तेव्हा आठवले, माझी मोठी बहीण बारा वर्षांपासून याच गोळ्या घेते. कोणत्याही डॉक्टरांना मी ते सांगितले नव्हते. कोणी विचारलेही नव्हते.

पुढच्या भेटीला मी प्रश्न वहीत लिहून नेले. मेंदूवर परिणाम झाला का? डॉक्टर म्हणाले, जन्मापासून पहिल्या दोन-तीन वर्षांत हे द्रव्य कमी पडले तर बुद्धीचे कायमचे नुकसान होते, त्यानंतर सुरू झालेल्या मंदपणाने तसे होत नाही. उंची गेली ती गेली का? त्यासाठी डाव्या हाताचा एक्स-रे काढला होता. चौदा वर्षांच्या मुलीची हाडे अकरा वर्षांच्या मुलीसारखी निघाली. एरवी काळजीची वाटावी अशी गोष्ट, पण इथे तीच दिलासा होती, कारण हाडांची टोके अजून जुळली नव्हती आणि वाढायला जागा शिल्लक होती. मात्र गेलेली सगळी उंची भरून निघेलच असे त्यांनी सांगितले नाही. उपचाराला जितका उशीर, तितकी तूट राहण्याची शक्यता जास्त.

जन्मभर गोळी? बहुधा हो. काही मुलांची ग्रंथी पुढे सावरते, म्हणून वाढ पुरी झाल्यावर पुन्हा पाहू, पण स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. सासूबाईंचा प्रश्न लग्नाचा होता, तो मी त्यांच्या वतीने विचारला. गोळी व्यवस्थित चालू असेल तर संसाराला, मुलांना अडचण नाही. दिवस गेले की मात्र लगेच डॉक्टरांना सांगायचे, मात्रा बहुधा वाढवावी लागते. कोबी? शिजवलेला, जेवणात खाण्याइतका, खुशाल खा. धन्याचे पाणी? आवडत असेल तर प्या, गोळीच्या बदली नको.

गोळी म्हणजे ग्रंथी जे द्रव्य तयार करते तेच, कारखान्यात बनवलेले. मला वाटत होते की हे काहीतरी जहाल औषध असणार. ५० मायक्रोग्रॅमपासून सुरुवात झाली. आजार जुना असल्याने एकदम पुरी मात्रा दिली नाही.

आठ आठवड्यांनी टीएसएच ३८. इतके दिवस थांबायचे कारण असे की हे द्रव्य रक्तात फार सावकाश कमी-जास्त होते आणि पातळी स्थिर व्हायला पाच-सहा आठवडे लागतात. पण ३८ पाहून डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली. इतका राहायला नको होता. त्यांनी मात्रा ७५ केली, पण त्याआधी विचारले, "गोळी कशाबरोबर घेते?"

मी अभिमानाने सांगितले, "न चुकता, रोज सकाळी ग्लासभर दुधाबरोबर. वर लोहाची आणि कॅल्शियमची गोळी."

डॉक्टर हसले नाहीत. दूध, लोह आणि कॅल्शियम या गोळीला आतड्यात अडवतात. म्हणजे मी तिला रोज गोळी देत होते आणि रोज तिच्यातली बरीचशी वाया घालवत होते. बाटली कुठे ठेवता, हेही विचारले. स्वयंपाकघरात, शेगडीच्या वरच्या फळीवर, आठवणीत राहावी म्हणून. उष्णतेने आणि दमटपणाने ती गोळी खराब होते. मी डॉक्टरांना म्हटले, हे आधी सांगितले असते तर? ते म्हणाले, सांगितले होते. खरेच सांगितले असेल. टीएसएच १०० ऐकल्यानंतरचे त्या दिवशीचे माझ्या कानात काही शिरले नव्हते.

तेव्हापासून पद्धत अशी. सकाळी उठल्याबरोबर साध्या पाण्याबरोबर गोळी. त्यानंतर निदान अर्धा तास, शक्यतो तासभर, काही नाही, चहाही नाही. लोह-कॅल्शियम रात्री जेवणानंतर, म्हणजे मध्ये चार तासांहून अधिक अंतर. सोयाबीनच्या वड्याही सकाळी नाहीत. शाळेत लोहाची साप्ताहिक गोळी देतात, ती तिने घरी आणून रात्री घ्यायची, असे वर्गशिक्षकांना चिठ्ठी लिहून कळवले. बाटली आता झोपायच्या खोलीतल्या कपाटात असते. ऑक्टोबरमध्ये टीएसएच ४.१ आला. लोहाच्या गोळ्या त्याच, पण हिमोग्लोबिन आता चढू लागले आणि पुढे ११ च्या वर गेले.

२०२४ च्या जानेवारीत तिला पाळी आली. मे महिन्यात उंची मोजली, १४९. वर्षात साडेसात सेंटिमीटर. शाळेचा गणवेश दिवाळीतच आखूड झाला होता. पुढच्या मे पर्यंत ती १५२ वर पोचली. तिच्या मावशीइतकी, माझ्याइतकी ती होईल असे वाटत नाही, आणि ते मला अधूनमधून खुपते.

एक गोष्ट डॉक्टरांनी आधीच बजावली होती, म्हणून बरे. "मुलगी गरीब गाय राहणार नाही," ते म्हणाले होते. तसेच झाले. ती बोलायला लागली, उलटून बोलायला लागली. धाकट्याशी भांडणे, दारे आपटणे. नववीत एका जागी बसेना, पहिल्या चाचणीत नंबर घसरला. सासूबाई म्हणाल्या, "गोळीनं पोरगी बिघडली." मीही एकदा डॉक्टरांना फोन करून विचारले की मात्रा जास्त तर होत नाही ना. रक्त तपासले, मात्रा बरोबर होती. इतकी वर्षे जी शांतता आम्ही गुण म्हणून मिरवली, तिच्यातली किती तिची होती आणि किती आजाराची, हे आता कोण सांगणार? एक दिवस तिने मला त्या पाहुण्यांच्या प्रसंगाची आठवण करून दिली. मी माफी मागितली. ती म्हणाली, "मलाही वाटायचं मी आळशीच आहे." दहावीत पुन्हा अभ्यासाला लागली.

भाच्याचा टीएसएच तीन महिन्यांनी ५.२ आला आणि अँटीबॉडी नाहीत. कबड्डी खेळतो, वजन थोडे उतरले आहे, आणि अजून जिलेबी सोडवत नाही.

शाळेत दरवर्षी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते. त्याआधी मी आता दोन रजिस्टरे शेजारी उघडून बसते, यंदाचे आणि गेल्या वर्षीचे. गेल्या खेपेला चौथीतल्या एका मुलाची उंची वर्षभरात जेमतेम एक सेंटिमीटर वाढलेली दिसली. पथकातल्या डॉक्टरांना दोन्ही पाने दाखवली. त्यांनी त्याला जिल्हा रुग्णालयात पाठवले. त्याचा टीएसएच अगदी बरोबर निघाला. थायरॉईड नाही म्हणून त्याचे वडील परत निघाले होते, पण डॉक्टरांनी त्यांना थांबवले. पोटाच्या तपासण्या अजून चालू आहेत.